जळजळ की कॅन्सर? मूत्राशयाच्या तपासणी सेवेबद्दल माझा अभिप्राय

लघवीतून रक्त येणाऱ्या रुग्णांच्या सगळ्या तपासण्या एकाच विभागात करून देणारी सेवा मी घेतली. तिला मी पाचपैकी चार तारे देते. विभागाचं नाव लिहिणार नाही. अशी सेवा आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असते, आणि आपल्या जवळची सेवा चांगली आहे की नाही हे कशावरून ओळखायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

ते चार तारे मुख्यतः एका गोष्टीसाठी आहेत. माझ्या मूत्राशयावर आधी काय काय होऊन गेलं हे त्यांनी खोदून खोदून विचारलं, लिहून घेतलं आणि ती माहिती प्रत्येक तपासणीच्या कागदावर पुढे पाठवली. वाचायला किरकोळ वाटेल. पण माझं निदान त्या ओळींवरच ठरलं.

मला बऱ्याच वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. त्यासाठी ओटीपोटावर रेडिएशन घेतलं आणि मी बरी झाले. अलीकडे मात्र लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, रात्री झोपमोड असं सुरू झालं. दर वेळी ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक मिळे. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, कधी जंतू सापडत, कधी काहीच सापडत नसे, गोळ्या मात्र त्याच. पुढे लघवी लालसर होऊ लागली, तेव्हाही तेच उत्तर मिळालं. इन्फेक्शनमुळे रक्त येतं हे खरं आहे. पण इन्फेक्शन बरं झाल्यावर लघवी पुन्हा तपासायची आणि रक्त तरीही असेल तर त्याचं कारण शोधायचं, हा साधा नियम आहे, आणि तो माझ्या बाबतीत कोणी पाळला नाही. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांमध्ये जास्त आढळतो, त्यामुळे बाईच्या लघवीत रक्त दिसलं की आधी इन्फेक्शनच डोक्यात येतं, आणि ज्या थोड्या जणींना खरोखर कॅन्सर असतो त्यांचं निदान लांबतं. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

या सेवेत पहिली भेट एका सिस्टरांशी झाली. त्यांच्यापुढे लांबलचक प्रश्नावली होती. धूम्रपान करता का, कधी केलं होतं का? रंग, रबर, रसायनांच्या कारखान्यात काम केलंय का? मुतखडे झाले होते का? कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कधी आणि किती काळ होता? क्षयरोग? सायक्लोफॉस्फामाइड नावाचं केमोचं औषध कधी घेतलंय का? केटामाइन हे भुलीचं औषध? ज्या भागात तळ्या-नद्यांच्या पाण्यातून शिस्टोसोमा हा परजीवी शरीरात शिरतो, तिथे राहिलात का? ओटीपोटावर रेडिएशन? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का?

माझी नोकरी लेखापरीक्षणाची होती, त्यामुळे कोणी प्रश्न विचारला की तो का विचारला हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सिस्टरांनी न कंटाळता सांगितलं. यातल्या बऱ्याच गोष्टींनी मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते, आणि सुजलेलं अस्तर दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरसारखं दिसू शकतं. बरेच दिवस कॅथेटर असेल तर आत बोटांसारखे कोंब उगवतात आणि ते थेट गाठीसारखे दिसतात. सायक्लोफॉस्फामाइडचं शरीरात विघटन झालं की अ‍ॅक्रोलीन तयार होतं, ते लघवीत उतरून अस्तर जाळतं आणि रक्तस्राव होतो. क्षयरोगात लघवीत पू असतो, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न वेगळ्या कारणासाठी होता. ‘गोळ्यांमुळेच रक्त येत असेल’ असं म्हणून विषय मिटवू नये, असं त्यांना पक्कं शिकवलेलं होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. यातली बरीच कारणं दुधारी आहेत. रेडिएशनने वर्षानुवर्षं टिकणारा दाह होतो, आणि त्याच रेडिएशनने पुढे मूत्राशयाचा कॅन्सर होण्याचा धोकाही वाढतो. सायक्लोफॉस्फामाइडचं तसंच. शिस्टोसोमाची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात, दाह होत राहतो आणि त्यातूनच पुढे एका वेगळ्या जातीचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे पूर्वेतिहास कळला म्हणून कोणी सुटत नाही आणि अडकतही नाही. पुढच्या माणसाला काय दिसू शकेल, एवढी सूचना तो देतो. ‘रेडिएशन झालंय, म्हणजे त्याचाच त्रास असणार’ असं म्हणून मला घरी पाठवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

लघवीच्या नमुन्यांची गंमत सांगते, कारण इथे भलेभले गोंधळतात. माझ्या लघवीत पूपेशी होत्या आणि कल्चर स्वच्छ होतं, म्हणून क्षयरोगासाठी सकाळची पहिली लघवी लागोपाठ तीन दिवस द्यायला सांगितली. सायटॉलॉजीसाठी, म्हणजे लघवीत गळून आलेल्या पेशी पाहण्यासाठी, मात्र सकाळची पहिली लघवी नको म्हणाले. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी कुजतात, आकार बिघडतो, आणि बिघडलेली पेशी संशयास्पद दिसते. माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सायटॉलॉजीसाठी पहाटेची बाटली आणली होती. सिस्टरांनी ती घेतली नाही, त्यांना पाणी प्यायला लावलं आणि नंतरचा नमुना मागितला. ते वैतागले होते. मला मात्र तिथेच या लोकांवर विश्वास बसला.

सायटॉलॉजीबद्दल थोडं. आक्रमक, म्हणजे हाय-ग्रेड कॅन्सरच्या पेशी ती चांगल्या पकडते, सौम्य गाठी बऱ्याचदा निसटतात. २०१६ पासून अहवाल लिहिण्याची ‘पॅरिस सिस्टीम’ नावाची पद्धत रूढ झाली आहे. त्यात पेशीचं केंद्रक पेशीच्या मानाने किती जागा व्यापतं याला मोठं महत्त्व आहे. रेडिएशन झालेल्या पेशी अवाढव्य फुगतात, केंद्रकही फुगतं. पण केंद्रकाबरोबर सगळी पेशीच मोठी होत असल्यामुळे दोघांचं प्रमाण फारसं बिघडत नाही. रेडिएशन झालंय हे ठाऊक असलेला माणूस हे प्रमाण बघून थबकतो. ठाऊक नसेल तर नुसत्या आकाराने दचकतो. माझा अहवाल ‘अनिश्चित स्वरूपाच्या पेशी’ असा आला. ‘अनिश्चित’ हा शब्द मला तेव्हा खूप बोचला. आज वाटतं, तोच प्रामाणिक शब्द होता.

मध्यंतरी मी स्वतःहून विचारलं होतं की लघवीतल्या प्रथिनांवरून कॅन्सर सांगणारी झटपट चाचणी असते, ती करू या का? एनएमपी-२२ आणि बीटीए या त्यातल्या जुन्या आणि माहितीतल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काकू, तुमच्या लघवीत रक्त आहे, पू आहे. या चाचण्या त्यानेसुद्धा पॉझिटिव्ह येतात. आली तर तुम्ही घाबराल, आणि मला नवीन काहीच कळणार नाही.” जिथे चाचणी वाढवली की बिल वाढतं, तिथे एखादी चाचणी करू नका म्हणून सांगणारी जागा मला भरवशाची वाटते.

सीटी स्कॅनचं फार सांगण्यासारखं नाही. मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका ठीक होत्या, मूत्राशयाची भिंत जाड झाली होती. भिंत दाहाने जाड होते तशी कॅन्सरनेही होते, तेव्हा त्यावरून निर्णय होत नाही हे त्यांनी अहवाल हातात देतानाच सांगितलं.

आता सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून पाहणं, जिची सगळ्यांना धास्ती असते. लघवीत जंतू नाहीत याची खात्री करूनच ती केली. जंतुसंसर्ग असताना दुर्बीण घातली तर संसर्ग रक्तात जाण्याची भीती असते, शिवाय आत सगळंच लालभडक दिसतं. भूल देणारी जेली लावली, लवचिक दुर्बीण होती, काही मिनिटांत काम झालं. दुखतं का? माझ्या रेडिएशन झालेल्या, आक्रसलेल्या मूत्राशयात पाणी भरताना चांगलंच दुखलं. कोणी ‘काहीच होत नाही’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण सहन होण्याजोगं आहे. नंतर एखाद-दोन दिवस जळजळ आणि गुलाबीसर लघवी हे अपेक्षित असतं. ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच या, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं.

पडदा माझ्याकडे वळवला होता. फिकट, निस्तेज अस्तरावर बारीक लाल रक्तवाहिन्यांची जाळी पसरलेली. ही रेडिएशनची खूण, असं डॉक्टरबाईंनी दाखवलं. आणि मागच्या भिंतीवर एक लाल, मखमली पट्टा. त्यावर त्या थांबल्या. मूत्राशयाच्या कॅन्सरचा एक प्रकार गाठ न करता अस्तरातच सपाट पसरतो, त्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात. तो सपाट असला तरी हाय-ग्रेड असतो, आणि दुर्बिणीतून तो नेमका असाच दिसतो. दाहही असाच दिसतो. “नुसत्या डोळ्यांनी मी हे सांगू शकत नाही, आणि कोणीच सांगू शकत नाही,” असं त्या स्पष्ट बोलल्या.

पुढची पायरी म्हणजे पूर्ण भूल देऊन बायोप्सी, तीही निळ्या प्रकाशात. या निळ्या प्रकाशाची जाहिरात बरीच होते म्हणून नीट सांगते. आधी तासभर हेक्सामिनोलेव्हुलिनेट नावाचं औषध कॅथेटरने मूत्राशयात भरून ठेवतात. कॅन्सरच्या पेशींमध्ये त्यामुळे एक रंगद्रव्य जास्त साठतं आणि निळ्या प्रकाशात त्या गुलाबी-लाल चमकतात. साध्या प्रकाशात नजरेआड होणारे सपाट डाग यात सापडतात, हा त्याचा खरा फायदा. पण दाह असलेली जागाही चमकते. अलीकडेच बायोप्सी झाली असेल किंवा मूत्राशयात बीसीजी हे कॅन्सरवरचं औषध दिलं असेल, तर फसवी चमक आणखी वाढते. माझ्या बाबतीत तो पट्टा चमकला आणि शेजारची दोन ठिकाणंही चमकली. तंत्र म्हणून मी याला चांगलं म्हणेन, पण कुठला तुकडा घ्यायचा ते दाखवण्यापुरतंच. निदान त्याच्याकडून मागू नये.

तुकडे किती घ्यायचे यावर डॉक्टरबाईंनी आधीच माझ्याशी चर्चा केली होती. रेडिएशन झालेल्या मूत्राशयाच्या जखमा लवकर भरत नाहीत, कधी व्रण राहतो, तर कधी शेजारच्या अवयवापर्यंत छिद्र पडण्याचीही भीती असते. म्हणून जिथे खरी शंका आहे तिथलेच मोजके तुकडे, आणि तेही चिमट्याने, न जाळता घेतले. विजेच्या तारेने घेतलेल्या तुकड्याच्या कडा करपतात आणि करपलेल्या पेशी वाचता येत नाहीत.

तुकड्यांसोबत गेलेला फॉर्म मी मागून घेऊन वाचला. पूर्वी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, वर्ष अमुक. कॅथेटर नाही, मुतखडा नाही, कल्चर निर्जंतुक, क्षयरोगाची तपासणी निगेटिव्ह. सायटॉलॉजी अनिश्चित. मागच्या भिंतीवर लाल पट्टा, निळ्या प्रकाशात चमक. प्रश्न: कार्सिनोमा इन सिटू की रेडिएशनचा दाह? माझ्या कामात मी व्हाउचर नसलेली नोंद कधी मान्य केली नाही. पूर्वेतिहास न लिहिता पाठवलेला तुकडा मला तसाच वाटतो.

त्या ओळींनी काय फरक पडला ते ऐका. प्राथमिक अहवालात ‘अस्तराच्या पेशींची बेटं खालच्या थरात उतरलेली दिसतात, भिंतीत घुसलेला कॅन्सर नाकारता येत नाही’ असं होतं. पण फॉर्मवर रेडिएशन लिहिलेलं असल्यामुळे पॅथॉलॉजिस्टांनी तिथेच न थांबता तुकडा वरिष्ठांना दाखवला, विशेष रंगचाचण्या केल्या आणि केस सगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत ठेवली. रेडिएशननंतर अस्तर कधीकधी असं खाली वाढतं की हुबेहूब भिंतीत घुसलेला कॅन्सर वाटावा. आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांत साकळलेलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन, आणि जुन्या रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या की पारखी नजरेला ते ओळखू येतं. सीके२०, सीडी४४, पी५३ ही पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांची सपाट डागाच्या बाबतीत मदत होते. दाहाने चिडलेल्या अस्तरात सीके२० फक्त वरच्या थरात रंगतं, तर कार्सिनोमा इन सिटूमध्ये बहुधा पूर्ण जाडीभर रंगतं. अंतिम अहवाल आला: रेडिएशनचा दाह, कॅन्सर नाही.

भिंतीत घुसलेल्या कॅन्सरवर मूत्राशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. मी कशापासून वाचले ते यावरून समजून घ्या.

एक तारा मी इथेच कापला आहे. तो प्राथमिक अहवाल डॉक्टरांनी काही सांगायच्या आतच माझ्या मोबाइलवर आला. सोबत ना खुलासा, ना फोन. तो घेऊन मी आणि घरच्यांनी काय रात्र काढली ते आमचं आम्हाला माहीत. अहवाल रुग्णाला मिळालाच पाहिजे, तो रुग्णाचा हक्क आहे. पण ‘हा प्राथमिक आहे, दुसरं मत घेतोय’ एवढी एक ओळ त्यावर छापायला काय हरकत आहे? दुसरी तक्रार स्वच्छतागृहाची. लघवी आवरत नाही म्हणून आलेल्या माणसांनी भरलेला तो प्रतीक्षाकक्ष, आणि तिथे एकच शौचालय, तेही नमुने देणाऱ्यांसाठी अडवलेलं. दोन्ही गोष्टी मी लेखी कळवल्या आहेत.

माझ्या थोरल्या दिरांची, म्हणजे भाऊजींची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांनाही सारखी लघवी, घाई, आग. वयामुळे प्रोस्टेट असेल म्हणून त्याची औषधं चालली होती. डोळ्यांना दिसेल असं रक्त कधीच गेलं नाही. माझ्या आग्रहाने ते याच सेवेत आले. कल्चर स्वच्छ, पण सायटॉलॉजीत हाय-ग्रेड पेशी भरपूर. दुर्बिणीतून लाल मखमली पट्टे दिसले, बायोप्सीत कार्सिनोमा इन सिटू निघाला. म्हणजे माझा दाह कॅन्सरसारखा दिसत होता आणि त्यांचा कॅन्सर दाहासारखा वागत होता. जळजळ आणि घाई असलेल्या, ज्यांच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही अशा प्रत्येकाची सायटॉलॉजी करण्याचा या विभागाचा शिरस्ता आहे. त्यामुळे ते सापडले.

त्यांना आता मूत्राशयात बीसीजी देतात. तेच ते, क्षयरोगाच्या लशीतलं, दुबळं केलेलं जिवाणूचं औषध. १९७६ मध्ये मोरालेस या डॉक्टरांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर त्याचा उपयोग दाखवला आणि आजही ते मुख्य औषध आहे. पण ते कामच मुळी दाह निर्माण करून करतं. त्यामुळे सहा आठवड्यांच्या पहिल्या फेरीनंतरच्या तपासणीत भाऊजींचं मूत्राशय पुन्हा लाल दिसलं, आणि घरात सगळ्यांचा धीर सुटला. डॉक्टरबाईंनी तुकडा पाठवताना फॉर्मवर बीसीजीचा शेवटचा डोस कधी दिला ते लिहिलं होतं. तुकड्यात बीसीजीने होणाऱ्या दाहाच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा निघाले. कॅन्सर नव्हता. सायटॉलॉजीही स्वच्छ आली.

विभाग एक माहितीपुस्तिका देतो. भाषा सोपी आहे, चित्रं चांगली आहेत. हनर लीजन नावाच्या लाल व्रणाबद्दल त्यात एक पान आहे. १९१५ मध्ये हनर या डॉक्टरांनी वर्णन केलेला हा वेदनादायक व्रण दुर्बिणीतून कार्सिनोमा इन सिटूसारखा भासू शकतो, त्यामुळे पहिल्यांदा दिसल्यावर तुकडा तपासून घेतात. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींनी होणारा दाह गाठीसारखा दिसतो, हेही आहे. पण वारंवार इन्फेक्शन म्हणून गोळ्या खाणाऱ्या बायकांसाठी त्यात एक ओळही नाही. पुढच्या आवृत्तीत ती हवी, आणि पहिल्या पानावर हवी.

माझा पाठपुरावा चालूच राहणार आहे, ठरलेल्या अंतराने सायटॉलॉजी आणि दुर्बीण. रेडिएशनचा धोका आजच्या अहवालाने संपत नाही, हे त्यांनी निरोप देताना नीट बजावलं.

अशा सेवेत जाणार असाल तर जुन्या रेडिएशनचा आणि केमोचा सारांश, आतापर्यंतचे सगळे कल्चर अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. बायोप्सी किंवा सायटॉलॉजीचा फॉर्म जाण्याआधी तो बघायला मागा. पूर्वेतिहासाची जागा कोरी असेल तर तिथल्या तिथे भरून घ्या.